माशांच्या शाळेचा चौथा खलाशी

युनिव्हर्सिटी म्हणजे नेमकं काय, हे धर्माजी तांडेलाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे ती मुंबईत राहणारी एक श्रीमंत आणि संशयी मालकीण होती. तिच्या पुष्कळ होड्या होत्या, आणि प्रत्येक होडीवर पुरेसे खलाशी आहेत की नाहीत ते मोजायला ती अधूनमधून माणसं पाठवत असे. ही समजूत अगदीच चुकीची होती, असं काही म्हणवत नाही.

धर्माजी आगरदांड्याचा कोळी. उंचीनं बेताचा, आवाजानं अफाट. खाडीच्या ह्या काठावरून त्यानं हाक मारली की पलीकडे दिघीला म्हशी माना वर करतात, असं त्याची बायको सोनाबाई सांगे, आणि ती सहसा नवऱ्याचं कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. एके काळी त्याची स्वतःची होडी होती, तिच्यावर चार खलाशी होते. १९१८ च्या साथीच्या तापानं त्यांतले तिघे एका आठवड्यात नेले. चौथा भिऊन मुंबईला गिरणीत पळाला. होडी धडधाकट होती, जाळी शाबूत होती, पण वल्ही मारायला माणूस नव्हता, आणि त्या वर्षी माणसांची वानवा कुठल्या कोळीवाड्यात नव्हती? दोन वर्षं होडी वाळूत पडून राहिली. उन्हानं फळ्या उकलल्या. शेवटी त्यानं ती जळणाच्या लाकडासाठी विकली आणि त्या दिवशी तो जेवला नाही. तेव्हापासून वादळाची, खडकाची, कशाची त्याला भीती वाटली नाही. भीती वाटे ती एकाच गोष्टीची: होडी आहे, वल्ही आहेत, आणि माणसं नाहीत.

१९२६ साली आगरदांड्याला प्रोफेसर बापट आले. मूळचे दिवेआगरचे, मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नव्हता, त्या गृहस्थांना बोंबील अंडी कुठे घालतो ह्याची चिंता लागून राहिली होती. त्यांनी संस्थानची परवानगी काढली, खाडीकाठी एक लांब शेड बांधली, तिच्यात सिमेंटच्या टाक्या, बरण्या, मेजं मांडली आणि चार वल्ह्यांची एक होडी घेतली. होडीला तांडेल हवा होता, म्हणजे सुकाणू धरणारा म्होरक्या. बापटांनी तिघाचौघांना विचारून पाहिलं. बाकीच्यांनी पगार किती ते विचारलं. धर्माजीनं विचारलं, "वल्ही मारायला कोन?"

बापट म्हणाले, "माझे विद्यार्थी. बी.एस्सी. झालेले. एम.एस्सी.साठी इथं येऊन संशोधन करतील."

"किती?"

"येतील," बापट म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले. धर्माजीला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गावानं शेडचं नाव माशांची शाळा ठेवलं. शाळा झकास होती, फक्त तिच्यात कोणी येत नव्हतं. बापट दरवर्षी मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून इंग्रजी जाहिरात चिकटवत. बी.एस्सी. झालेला मुलगा ती वाचे, खालचा 'आगरदांडा' हा शब्द वाचे आणि लॉ कॉलेजचा फॉर्म आणायला जाई. पहिल्या वर्षी एकजण आला. तो सब-रजिस्ट्रारच्या नोकरीची वाट पाहत होता, आणि वाट घरी पाहण्यापेक्षा इथं पाहिलेली बरी, इतकाच त्याचा शास्त्राशी संबंध. फेब्रुवारीत नेमणुकीचं पत्र आलं तसा तो हातातली बरणी उघडी टाकून गेला. दुसऱ्या वर्षी दोघे आले. एकाला होडीत पाय ठेवताच ओकारी येई. दुसऱ्याला येत नसे, पण तो होडीत पायच ठेवत नसे. तिसऱ्या वर्षी कोणीच नाही. धर्माजी एकटा होडी लोटायचा, एकटाच परत आणायचा, आणि ती तीन वल्ही रिकामी दिसू नयेत म्हणून त्यांवर जाळं पसरून ठेवायचा.

१९२९ च्या जानेवारीत युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. बापटांनी ते त्याला मराठीत समजावून सांगितलं. दिवाळीनंतर, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला एक कमिटी येऊन शाळा पाहील. एम.एस्सी.चे निदान चार विद्यार्थी कामावर दिसले तर शाळा चालू ठेवायची. चारांत एक जरी कमी पडला तरी शाळेला कुलूप. सामान आणि होडी विकून टाकायची.

"होडी इकायची?" धर्माजी म्हणाला.

"तसं लिहिलंय."

धर्माजीनं विचारलं, "साहेब, तुमी पोरं आनता कशी?"

"जाहिरात लावतो."

"चिट्ठी चिकटवून कवा खलाशी मिळालेत? खलाशाला त्येच्या घरी जाऊन आनायचा असतो. मना नावं द्या."

बापटांचा नाइलाज होता. त्यांनी बी.एस्सी.चा निकाल लागताच वर्तमानपत्रातून आपल्या बाजूच्या मुलांची नावं काढली, कोण कुठल्या गावचा ते शोधलं, आणि वीस-बावीस नावांची यादी धर्माजीला दिली. धर्माजीला अक्षरओळख नव्हती. त्यानं ती यादी पोस्टाच्या हरकाऱ्याकडून दोनदा वाचून घेतली, पाठ केली आणि कागद परत दिला.

कोळीवाड्यात खलाशी ठरवण्याची एक रीत होती. तांडेल आधी माणूस पारखायचा. पसंत पडला की मग त्याच्याशी एक शब्द न बोलता त्याच्या आईकडे जायचा, आई नसेल तर बायकोकडे, आणि तिच्या हातात सुपारी ठेवायचा. तिनं सुपारी ठेवून घेतली की माणूस शिमग्यापर्यंत त्या होडीचा. मग दुसऱ्या तांडेलानं त्याला सोन्याचं वल्हं दाखवलं तरी तो जायचा नाही, आणि दुसरा तांडेल दाखवायचाही नाही. कोंडाजी नावाच्या एका तांडेलानं एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्याचा खलाशी फितवून नेला होता. वाड्यानं त्याला मारलं नाही की दंड केला नाही. फक्त दोन वर्षं कोणी त्याच्या चिलमीला विस्तव दिला नाही. कोंडाजी दोन वर्षांत म्हातारा झाला.

ह्या रीतीनं धर्माजी प्राणिशास्त्राचे पदवीधर गोळा करायला निघाला. मे महिनाभर तो फिरला. कधी होडीनं, कधी पायी, कधी कोणाच्या बैलगाडीत मागे पाय सोडून. मुलगा सुट्टीत घरी असायचाच. धर्माजी त्याला सांगायचा, "बापट साहेबांनी धाडलाय. चला, समुद्र बघू." मग जवळच्या कोणाची होडी मागून तो त्याला घेऊन जायचा आणि जाळं टाकायचा. ह्यात त्याचा कावा होता. जाळं तो मुद्दाम अशा जागी टाकायचा जिथं आजवर कोणाला शेपूट मिळालेलं नाही. भरलेलं जाळं ओढायला काय, कोणीही ओढतो. रिकामं जाळं वर आलं की माणूस काय करतो, ते त्याला पाहायचं असायचं.

पेणचा एकजण, पहिल्या वर्गात पास झालेला, दुसऱ्या रिकाम्या जाळ्याला घड्याळ बघू लागला. चौलच्या एकानं जाळ्याला दोष दिला, मग भरतीला, मग धर्माजीला. अलिबागच्या एका वकीलपुत्रानं होडीत पंचा पसरून सरळ झोप काढली, आणि घोरण्यावरून तरी माणूस निश्चिंत वाटत होता. धर्माजीनं सगळ्यांना सुखरूप घरी पोचवलं आणि तो पुढच्या गावाला गेला.

आगरदांड्याला परतून त्यानं हे सांगितलं तेव्हा बापटांनी कपाळाला हात लावला. "अहो, पेणच्याला फर्स्ट क्लास होता! युनिव्हर्सिटीत तिसरा आलेला मुलगा!"

"असंल," धर्माजी म्हणाला. "पन त्यो दुसऱ्याच जाळ्याला घरी गेला व्हता. आंग तेवढं होडीत व्हतं."

रात्रंदिवस माशांची अंडी शोधणाऱ्या त्या माणसाला तीन वर्षांत मिळाली होती ती मुख्यतः रिकामी जाळी, आणि धर्माजी काय म्हणतोय ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्यांनी पुन्हा हरकत घेतली नाही.

तीन मुलं मिळाली. नागोठण्याचा दत्तात्रेय, रेवदंड्याचा सदू आणि म्हसळ्याचा इब्राहिम. पहिल्या दोघांच्या आयांनी सुपारी देव्हाऱ्यात ठेवली. इब्राहिमच्या आईपुढे धर्माजी जरा अडखळला, कारण तिच्या घरी देव्हारा नव्हता. तिनं त्याची पंचाईत ओळखली. सुपारी घेतली, तिथल्या तिथं अडकित्त्यानं कातरली, तोंडात टाकली आणि म्हणाली, "घ्या. आता परत मागायची सोय राहिली नाही." असा पक्का सौदा धर्माजीनं जन्मात केला नव्हता.

चौथा मिळाला हरिहरेश्वरला. त्याचं नावही हरेश्वरच. देवळातल्या गुरवांच्या शेजारी घर, वडील नाहीत, आई आणि तो. दुसरा वर्ग, अंगानं किडमिडीत, बोलणं जवळजवळ नाही. धर्माजीनं त्याला नेलं ते फार आशेनं नव्हे. पहिलं जाळं रिकामं आलं. हरेश्वरनं ते पाहिलं. दुसरं रिकामं आलं. त्यानं विचारलं, "इथं नेहमीच रिकामं येतं?"

"नेहमी."

"भरतीला पण?"

"व्हय."

"आणि आपण अजून खोल सोडलं तर?"

"कोनी सोडलं न्हाय."

"मग सोडून बघूया का?" आणि खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून तो मनगटाच्या कफवर काहीतरी लिहू लागला, शर्ट इस्त्रीचा असताना. पाच वेळा जाळं रिकामं आलं. पाचव्या वेळेलाही तो पहिल्या वेळेइतकाच वाकून आत बघत होता. धर्माजीनं होडी किनाऱ्याला लावली आणि तडक त्याच्या आईकडे गेला.

आईचं नाव गोदूबाई. गाव तिला गोदूकाकू म्हणे. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. धर्माजी अंगणाच्या कडेला बसला आणि त्यानं सुपारी पुढे केली, श्रीवर्धनची, चांगली टपोरी.

"माझा मुलगा मासे धरायला?" गोदूकाकू म्हणाली. "तांडेल, तुम्हाला उन्हं लागली की काय?"

"धरायला न्हाय, काकू. धरनार मी. त्यो मोजनार."

"मोजून काय करायचे?"

"सोडून द्यायचे."

गोदूकाकूनं आमसुलं खाली ठेवली. "म्हणजे धरायचे, मोजायचे, आणि परत समुद्रात सोडायचे?"

"पुष्कळ येळा."

"आणि ह्याला युनिव्हर्सिटी पदवी देते?"

"मोठी पदवी देते म्हनं."

गोदूकाकू पोटभर हसली. वैधव्य आल्यापासून ती इतकी हसली नव्हती, असं तिनंच पुढे सांगितलं. मग तिनं विचारलं, मुलगा जेवायला कुठं असेल. धर्माजीनं सांगितलं की बापट साहेबांचा ब्राह्मण स्वयंपाकी आहे, भात जरा करपवतो, बाकी माणूस चांगला. गोदूकाकूनं सुपारी उचलली आणि आत जाऊन देवापुढे ठेवली.

हे सगळं रीतसर झालं. आणि चूक झाली तीही रीतीमुळेच. कोळीवाड्यात खलाशाला विचारायची गरज नसते, कारण त्याच्याशी आधी कोणी बोललं असेल तर ते त्याच्या आईला ठाऊक असतंच. बी.एस्सी. झालेल्या मुलांचं तसं नसतं, हे धर्माजीला कोण सांगणार?

नारळी पौर्णिमा झाली तशी चौघे शाळेत हजर झाले. धर्माजीचं पुढचं अडीच महिन्यांचं सुख काय वर्णावं! चारही वल्ह्यांवर माणसं. हात फोडांनी भरलेले, शिस्त अजिबात नाही, सदू एकीकडे ओढतोय आणि दत्तात्रेय दुसरीकडे, होडी खाडीत जागच्या जागी फिरतेय, काठावर बायका पदर तोंडाला लावून हसतायत. धर्माजी मागे सुकाणूवर बसून म्हशींना ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या देत होता आणि मनातून इतका खूश होता की घरी येऊन सोनाबाईपुढे तेच ते चारदा सांगायचा. सोनाबाई म्हणायची, "चार ल्योक झाल्यागत नाचताव काय?" पण सुक्या माशाची पाटी घेऊन ती मुरूडच्या बाजाराला जायची तेव्हा येताना चौघांसाठी काहीतरी आणायची. इब्राहिम आणि सदू तिच्याकडेच जेवू लागले. दत्तात्रेय आधी नुसता वास घ्यायला येऊन बसे, मग तोही जेवू लागला.

हरेश्वर फक्त भात खायचा, करपलेला, आणि काम करायचा. त्यानं खोल जाळं सोडण्याची युक्ती बसवली. पाण्याचं ऊन-थंडपण, भरतीची वेळ, जाळं किती हात खाली, सगळं तो लिही, आणि जाळं रिकामं आलं तर रकान्यात स्वच्छ शून्य काढी. त्याचं पाहून बाकीचे तिघेही शून्यं काढू लागले. बापट ती वही उघडून पाहत आणि त्यांचा चेहरा असा होई की जणू शून्यं नव्हेत, बोंबलाची अंडीच मांडून ठेवलीत.

दिवाळी झाली. बापट कमिटीला आणायला मुंबईला गेले. कमिटी यायला चार दिवस उरले होते. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली. हरकाऱ्यानं हरेश्वरला एक कार्ड आणून दिलं. ते आधी हरिहरेश्वरला जाऊन तिथून पत्ता बदलून आलं होतं. हरेश्वरनं ते वाचलं, खिशात घातलं, पुन्हा काढून वाचलं, आणि होडीच्या काठावर बसून राहिला. जाळं आत घ्यायचं होतं ते त्यानं घेतलं नाही.

"आई बरी हाय ना?" धर्माजीनं विचारलं.

"बरी आहे." मग तो म्हणाला, "धर्माजीकाका, मी एक लपवलंय."

कार्ड रसायनाच्या प्रोफेसर धारपांचं होतं, मुंबईच्या दुसऱ्या कॉलेजातल्या. एप्रिलमध्ये हरेश्वरनं त्यांना शब्द दिला होता की दिवाळीनंतर मी एम.एस्सी.साठी तुमच्याकडे येईन. कुठे सही नाही, काही नाही, नुसता तोंडी. मे महिन्यात आईनं सुपारी ठेवून घेतली. आईला नाही म्हणवेना, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं, कारण त्या पाच रिकाम्या जाळ्यांपासून त्याचं मन समुद्रात अडकलं होतं. धारपांना पत्र लिहायची लाज वाटली. आज लिहू, उद्या लिहू करत राहून गेलं. धारपांनी कार्डात रागावून काही लिहिलं नव्हतं. फक्त विचारलं होतं: तुझं मेज रिकामं ठेवलं आहे, तुझी तब्येत तर ठीक आहे ना?

रिकामं मेज. ते शब्द धर्माजीला नको तितके समजले.

म्हणजे आपण दुसऱ्याचा खलाशी आणला. कोंडाजीनं केलं तेच केलं, आणि तेही सुपारी देऊन, उजळ माथ्यानं. त्यानं बाकी तिघांकडे पाहिलं. ते वाळूत बरण्या धूत होते. चार दिवसांनी कमिटी येणार. हरेश्वर राहिला तर चार. गेला तर तीन, शाळेला कुलूप, होडी विकायला. पुन्हा एक होडी वाळूत. धर्माजीला ते इतकं स्पष्ट दिसलं की त्यानं डोळे मिटून घेतले.

घरी जाऊन त्यानं सोनाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "चौघांत नेमका चांगला त्योच, आन त्योच परका निगाला व्हय?" आणि मासे कापायला बसली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "इचारता कशाला? तुमी काय करनार ते मना म्हाईत हाय."

बापट असते तर त्यांनी काहीतरी तोड काढली असती. चार दिवस राहू दे, मग पाहू, असं म्हणणारे ते पहिलेच प्रोफेसर ठरले नसते. पण बापट मुंबईत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माजीनं हरेश्वरला स्वतः आगबोटीवर नेऊन चढवलं.

"तुज्या त्या साहेबांना सांग," तो म्हणाला, "आगरदांड्याच्या धर्माजी तांडेलाला ठाव नव्हतं. ठाव असतं तर सुपारी दिली नसती. माफी असावी."

"आणि मला इथंच राहायचं असेल तर?"

"त्ये त्येंना सांग. मना नको सांगू. त्येंनी सोडल्याबिगर तुजा पाय ह्या होडीत न्हाय."

आगबोट गेली. परत येताना तीन वल्ह्यांची होडी एका बाजूला ओढ घेत होती.

कमिटीत दोन माणसं होती. एक म्हातारे निवृत्त प्रिन्सिपॉल, अध्यक्ष, सारखा घसा साफ करणारे. दुसरे एक गुबगुबीत पारशी डॉक्टर, ज्यांना किनाऱ्यावर उतरल्यापासून जेवणात काय आहे ह्याची उत्सुकता होती. बापटांनी त्यांना मोठ्या उमेदीनं शेडमध्ये आणलं, विद्यार्थ्यांकडे हात केला आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

"हरेश्वर कुठे आहे?"

"धाडला, साहेब," धर्माजी म्हणाला. "दुसऱ्याच्या होडीवरचा व्हता."

बापटांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत. एका रिकाम्या खोक्यावर बसले आणि खोकं मोडलं. पारशी डॉक्टरांनी त्यांना हात देऊन उठवलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. काम पाहायला आलोत तर काम पाहू, म्हणाले. सगळे होडीत बसले. चौथं वल्हं मोकळं होतं. बापटांनी कोट काढला, घडी करून पारशी डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला आणि ते वल्ह्यावर बसले. प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरांना इतकं वाईट वल्हवता येतं हे धर्माजीला माहीत नव्हतं, पण त्या दिवशी त्यानं एकही शिवी दिली नाही.

खोल जाळं सोडलं. वर आलं ते रिकामं. बापटांनी डोळे मिटले. आणि नेमकं तेव्हा सदूनं वेळ सांगितली, इब्राहिमनं पाणी मोजलं, दत्तात्रेयनं वहीत शून्य काढलं. कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. तिघे पुन्हा जाळं सोडायच्या तयारीला लागले.

"शून्य पण लिहिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याशिवाय मासा कुठं नाही ते कसं कळणार?" दत्तात्रेय म्हणाला.

डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि किनाऱ्याला येईपर्यंत ते ती चाळत राहिले. जेवण झाल्यावर त्यांनी अध्यक्षांना बाजूला घेऊन पुष्कळ सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "मुलं उत्तम आहेत. पण मला चार मोजायला सांगितलेत आणि मला इथं तीन दिसतायत. उद्या दुपारच्या बोटीवर चढण्याआधी मला तसं लिहावं लागेल." माणूस वाईट नव्हता. त्याला मोजता येत होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईची आगबोट आली. ती खाडीच्या तोंडाशी उभी राहायची आणि उतारूंना होड्या आणायला जात. धर्माजी गेला तो बापटांचं टपाल आणायला, दत्तात्रेय आणि सदूला घेऊन. शिडीवरून माणसं उतरत होती. त्यांच्यात ट्रंक डोक्यावर घेतलेला हरेश्वर होता.

त्यानं खालच्या पायरीवर येऊन एक पाय पुढे केला.

"थांब!" धर्माजी ओरडला. आगबोटीवरचे खलाशीसुद्धा दचकले. "पाय ठेवू नको! आदी सांग, सोडला काय?"

"पत्र आणलंय, काका!"

"काय लिवलंय?"

"सोडलंय म्हणून लिहिलंय!"

मागच्या उतारूंनी कालवा सुरू केला. एका बाईनं हरेश्वरच्या पाठीत बोचकं ढकललं. "ह्ये तूच वाचलंस," धर्माजी शेवटी म्हणाला. "साहेबांना वाचू दे. तवर तू उतारू. मदी बस. वल्ह्याला हात लावशील तर खाडीत फेकीन."

हरेश्वर ट्रंकेवर बसून आला, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखा. किनाऱ्यावर बापट, अध्यक्ष, डॉक्टर सगळे जमले. बापटांनी पत्र उघडलं, इंग्रजीतून वाचलं आणि धर्माजीसाठी मराठीतून सांगितलं. धारपांनी लिहिलं होतं: 'माझ्याकडचे विद्यार्थी दरवर्षी सोडून जातात. आजवर परवानगी मागायला एकच परत आला. अशा मुलाला ठेवून घ्यावंसं वाटतं, आणि त्याच कारणासाठी त्याला अडवून ठेवणं मला बरं दिसत नाही. त्याला मी मनापासून मोकळं केलं आहे. तुमच्या तांडेलाला माझा नमस्कार सांगा. युनिव्हर्सिटीत त्यांच्यासारखा एकही नाही, ह्याची खंत वाटते.'

"म्हंजे सोडला?" धर्माजीनं विचारलं.

"सोडला."

"पुन्यांदा सांगा."

"सोडला, धर्माजी!"

तेव्हा कुठे धर्माजीनं हरेश्वरच्या पाठीवर असा हात मारला की तो किडमिडीत मुलगा दोन पावलं पुढे गेला. अध्यक्षांनी घसा साफ केला, बोट दाखवत एक, दोन, तीन, चार मोजलं, खिशातून पेन काढलं आणि बरणीच्या झाकणावर कागद ठेवून लिहिलं. डॉक्टरांनी धर्माजीला विचारलं की मुंबईला येऊन दुसऱ्या प्रोफेसरांसाठीही मुलं निवडशील का. धर्माजीनं विचार केला आणि सांगितलं की आपल्याला समुद्रावरचीच माणसं पारखता येतात, कोरड्यावरची फसवतात.

पुढच्या दहा वर्षांत माशांच्या शाळेत सतरा विद्यार्थी आले. धर्माजी प्रत्येकाच्या घरी गेला. रीत तीच ठेवली, फक्त एक बदल केला. आईकडे जाण्याआधी तो मुलाला विचारू लागला, "दुसऱ्या कुनाला शबूद दिलाय काय?" सतरांपैकी मधेच सोडून गेला असा एकच, आणि तो लग्नासाठी गेला होता, बायकोला घेऊन परत आला. ही झाली मागाहूनची हकीकत.

त्या दिवशी दुपारी मात्र, कमिटी बोटीवर चढून गेल्यावर, बापट आणि धर्माजी होडीपाशी उभे होते. चारही मुलं पाण्यात उतरून एकमेकांवर पाणी उडवत होती. बापटांच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. त्यांनी ते फुंकले आणि इतका वेळ धरून ठेवलेला राग एकदम बाहेर काढला.

"चार दिवस, धर्माजी! चार दिवस थांबवला असतास त्याला तर काय बिघडलं असतं? धारपांनी सोडला हे नशीब. तो परत आला नसता तर काय झालं असतं, काही विचार केला होतास?"

"केला व्हता," धर्माजी म्हणाला. "तीन ऱ्हायले असते, साहेब. पन तिघंबी आपले असते."

बापटांनी धोतराचा काचा मारला आणि होडी लोटायला खांदा लावला.